आरशात आरसा

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्याकडे हिचं वर्षश्राद्ध झालं. त्या वेळी एका गोष्टीवरून मी जरा तुटकपणे वागलो, हे मला मान्य आहे. पुतण्याने मेहनत घेऊन हिच्या साठेक फोटोंचा एक व्हिडिओ तयार केला होता. एक फोटो विरघळत जातो, दुसरा उमटतो, आणि मागे संथ व्हायोलिन आणि पियानो. आदल्या रात्री त्याने मला तो दाखवला. मी म्हटलं, "फोटो राहू देत, संगीत काढ."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "काका, इतकं शांत आहे! आणि काकूला आवडायचं ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

"आवडायचं. म्हणूनच काढ."

यापलीकडे मला काही बोलता आलं नाही. चौतीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून बोलण्यावर पोट भरलं, पण आयत्या वेळी घरच्यांसमोर शब्द सापडत नाहीत. मग स्वयंपाकघरात कुजबूज झाली, वहिनींनी "त्यांना आत्ता नका काही विचारू" असं सांगितलं, आणि प्रकरण मिटलं. माझ्या मनात मात्र मिटलेलं नाही. म्हणून हे लिहितो. मला संगीताचं शिक्षण नाही, मी मराठीचा बी.ए., तेव्हा तंत्रात काही चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

त्या रचनेचं नाव 'श्पीगल इम श्पीगल'. जर्मनमध्ये याचा अर्थ आरशात आरसा. संगीतकार आर्वो पॅर्त, देश एस्टोनिया. या गृहस्थांना ११ सप्टेंबर २०२५ ला नव्वद वर्षं पूर्ण झाली. रचना १९७८ ची, व्हायोलिन आणि पियानोसाठी, साधारण दहा मिनिटांची. पुढे ती चेलोवर, व्हायोलावर, क्लॅरिनेटवर, कशाकशावर वाजवली गेली. पियानो मात्र बहुतेक वेळा तोच.

आमची आणि तिची ओळख २०२२ साली झाली. आम्ही दोघं तीन महिने लेकीकडे जर्मनीत होतो. नात तेव्हा चौदा वर्षांची. ती शेजारच्या खोलीत रोज संध्याकाळी व्हायोलिनचा सराव करायची आणि मी इकडे सोफ्यावर पेपर नसल्यामुळे अस्वस्थ. तिचे बाकीचे धडे खूप वेगाचे, उड्या मारणारे असत. आणि मग मध्येच हे सुरू व्हायचं. दोन स्वर. थांबा. पुन्हा दोन स्वर. मग तीन. मला वाटलं, पोरगी आज कंटाळलेली दिसते. तसं विचारलं तर म्हणाली, "आजोबा, हे सगळ्यांत सोपं दिसतं आणि सगळ्यांत कठीण आहे. यात काही लपवता येत नाही."

मग तिने गज धरून दाखवला. एकेक स्वर चार-पाच सेकंद, कधी त्याहून जास्त, एकाच सरळ ओढीत आणायचा. गज जरा थरथरला की ऐकू येतं, दाब जरा कमी झाला की ऐकू येतं. वेगाच्या तुकड्यात एखादा स्वर पडला तर मागचे दहा त्याला झाकून टाकतात. इथे झाकायला कोणी नाही. मला आमच्या पहिलीच्या वर्गातल्या पाट्या आठवल्या. झोकदार सही सगळे करतात हो, पण एक सरळ उभी रेघ काढायला सांगा!

रचनेचा हिशेब इतका सोपा आहे की मलाही कळला. फ हा आपला षड्ज धरा. मग सगळे स्वर शुद्ध, आपल्या बिलावलासारखे. व्हायोलिन खालून येतं, रे ग. मग वरून, म ग. मग सा रे ग. मग प म ग. प्रत्येक खेपेला एक स्वर जास्त लांबून, एकदा खालून, एकदा वरून, म्हणजे खालचं वरच्याचं प्रतिबिंब. आणि प्रत्येक वेळी येऊन टेकायचं ते गंधारावर. दूर जाऊन घरी परत यावं तसं हे आहे, असं स्वतः पॅर्त यांनी म्हटलेलं आहे. आपल्या कानाला यात एक गंमत जाणवते. आपण षड्जाला घर मानतो. इथे पाहुणा षड्जाच्या ओळखीच्या दारावरून पुढे जातो आणि गंधारावर विसावतो, त्यामुळे पोचलो असंही वाटतं आणि अजून काही उरलंय असंही.

हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो (पाच वर्षं पेटी शिकलेला) पटकन म्हणाला, "म्हणजे अलंकारच की! सारेग, रेगम. हे तर मीही लिहीन." हा आक्षेप तिकडेही घेतला जातो. पॅर्त यांना पोलंडचे गुरेत्स्की आणि इंग्लंडचे टॅव्हनर यांच्याबरोबर एका टोपलीत घालून 'पवित्र मिनिमलिस्ट' अशी थट्टेवारी चिठ्ठी चिकटवणारे समीक्षक होऊन गेले. ओवीतही मोजायला गेलं तर साडेतीन चरण आणि यमक एवढंच हाती लागतं. मोजून जे हाती लागतं त्यावरून कोणी ज्ञानेश्वरी सोपी ठरवत नाही. आणि पुतण्याच्या म्हणण्याला दुसरं उत्तर असं की हा माणूस अलंकारापासून सुरू झालेला नाही. तो तिथे पोचला, आणि त्याला आठ वर्षं लागली.

ही कथा थोडी सविस्तर सांगतो, कारण या संगीताला नुसतं 'शांत' म्हणणाऱ्यांना ती ठाऊक नसते.

पॅर्त यांचा जन्म पाइडे गावचा, १९३५ चा. बालपण राक्वेरेत गेलं. घरी एक जुना पियानो होता, त्याचे मधले स्वर नादुरुस्त, म्हणून हा मुलगा वरच्या आणि खालच्या टोकांशी खेळायचा. राक्वेरेच्या चौकात खांबावरच्या कर्ण्यातून रेडिओवरचं संगीत लागायचं. ते ऐकत हा सायकलवरून चौकाला फेऱ्या मारत राहायचा. पुढे ताल्लिनला शिक्षण, १९५८ ते १९६७ एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाची नोकरी. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात. तरुणपणी त्यांनी त्या काळातलं अत्यंत आधुनिक, कर्कश, गणिती संगीत लिहिलं आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. मग १९६८ साली 'क्रेडो' ही रचना ताल्लिनमध्ये सादर झाली. तिच्यात येशू ख्रिस्तावर माझी श्रद्धा आहे असं लॅटिनमध्ये उघड म्हटलेलं होतं. सरकारला हे रुचणं शक्यच नव्हतं. रचना बाजूला पडली आणि संगीतकार संशयाच्या यादीत गेला.

पण मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची गोष्ट. सरकारने तोंड बंद केलं म्हणून हा माणूस गप्प झाला, एवढंच ते नव्हतं. त्याला स्वतःलाच स्वतःचं सगळं लेखन पोकळ वाटू लागलं. पोटापाण्यासाठी चित्रपटांचं संगीत चालू होतं, १९७१ मध्ये तिसरी सिम्फनी आली, बाकी जवळजवळ काही नाही. या काळात तो जुने ग्रेगोरियन मंत्र ऐकत होता आणि वह्यांवर वह्या भरत होता, एकाच सुरावटीच्या ओळींनी, साथीशिवाय. कसं लिहायचं हेच पुन्हा पहिलीपासून गिरवणं. वयाच्या पस्तिशी-चाळिशीत, नाव झालेल्या माणसाने! याच काळातली एक गोष्ट ते सांगतात. बसथांब्यावर एका झाडूवाल्याला त्यांनी विचारलं, संगीतकाराने संगीत कसं लिहावं? तो आधी चकित झाला, मग म्हणाला, त्याचं प्रत्येक स्वरावर प्रेम पाहिजे. इतकं चांगलं उत्तर आमच्या बी.एड.च्या पुस्तकांत नव्हतं.

१९७६ मध्ये मौन सुटलं ते 'फ्यूर आलीना' या पियानोच्या दोन पानी तुकड्याने. आलीना ही ओळखीच्या कुटुंबातली तरुण मुलगी. ती इंग्लंडला निघून गेली आणि मागे राहिलेल्या आईचं सांत्वन व्हावं म्हणून हे लिहिलेलं आहे. खाली खर्जाचा एक स्वर दाबून ठेवलेला, त्यावर उजव्या हाताची सुरावट, आणि डावा हात तिच्या प्रत्येक स्वराला त्या एकाच मूळ त्रयीतला स्वर जोडत जातो. संपूर्ण तुकड्यात डावा हात हा नियम एकदाच मोडतो, आणि त्या जागी पॅर्त यांनी एक फूल काढलेलं आहे. (लेकीला जर्मनीला पोचवून आलो त्या दिवशी ही कणीक मळत होती आणि एकदम थांबली, मग पुन्हा मळायला लागली. त्या थांबण्याच्या जागी मी काही काढून ठेवलं नाही. असो.)

या पद्धतीला त्यांनी नाव दिलं 'टिंटिनाबुली', लॅटिनमध्ये छोट्या घंटा. दोन आवाज असतात. एक चालतो, भटकतो, चुकतो म्हणा हवं तर. दुसरा फक्त मूळ त्रयीच्या तीन स्वरांवर उभा असतो, म्हणजे आपले सा, ग, प. पहिला कुठेही गेला तरी दुसरा त्या तिघांतूनच त्याच्या जवळचा स्वर देतो. पॅर्त यांच्या पत्नी नोरा यांनी हे एका समीकरणात सांगितलं, एक अधिक एक बरोबर एक. म्हणजे दोन आवाज ऐकायचेच नाहीत, एकच ऐकायचा. 'श्पीगल'मधला पियानो तोच, शेजारी चालणारा. त्याला पॅर्त रक्षण करणारा देवदूत म्हणतात.

हे ऐकून आपल्याकडची मंडळी लगेच म्हणतात, बघा, तंबोरा! आपल्याकडून घेतलं. कृपा करून असं म्हणू नका. त्यांनी ते घेतलं चर्चच्या मंत्रांतून आणि घंटानादातून, आणि त्यासाठी काय सोसलं ते वर सांगितलंच. तंबोरा मला आठवतो तो माझ्या कारणाने, आणि ते कारण जरा अडचणीचं आहे.

नातीच्या संगीतशाळेच्या छोट्या कार्यक्रमात तिने हे वाजवलं. घरी मी फक्त व्हायोलिन ऐकलं होतं, पियानो त्या दिवशी पहिल्यांदा. शिक्षिका वाजवत होत्या. एका मापात सहा ठोके, तिघातिघांच्या गटाने वर चढणारे, सुरुवातीपासून शेवटापर्यंत तसेच. अधूनमधून डावा हात खाली जाऊन खर्जात एक स्वर ठेवायचा, नाहीतर उजव्या हातावरून पलीकडे जाऊन वर एक घंटा वाजवायचा. मी पूर्ण वेळ नातीकडे बघत होतो, गज थरथरतोय का ते. टाळ्या झाल्या. हिने माझ्याकडे वळून म्हटलं, "ती पियानोवाली बघितलीत? दहा मिनिटं जागची हलली नाही. पोर तिच्यावर उभी होती."

मी बघितलीच नव्हती.

आता नातेवाइकांना माहीत आहे, पण इतरांसाठी सांगतो. हिची थोरली बहीण, आमची अक्का, गायची. नाव झालं नाही फारसं, पण साताऱ्या-सांगलीकडच्या बैठका, गणेशोत्सव, कोणाची तरी पुण्यतिथी, असं पंचवीस-तीस वर्षं चाललं. आणि मागे तंबोऱ्यावर ही. मिरजेहून आणलेला तंबोरा, तो एसटीत मांडीवर घेऊन जायची. लग्नानंतर सुरुवातीला मी एकदा चिडून म्हणालो होतो, "तुझ्यावाचून काय अडतं त्यांचं? चार तारा तर छेडायच्या!" ही काही बोलली नाही. तंबोरा आणला, माझ्या मांडीवर ठेवला, बोटं दाखवली. पहिली तार मधल्या बोटाने, पुढच्या तीन तर्जनीने. "पाच मिनिटं छेडा."

मला दोन मिनिटं जमलं नाही. पहिल्यांदा वेग वाढला, मग तर्जनी दुखायला लागली, मग मन भटकलं आणि एक तार सुटली. ती म्हणाली, "गाणाऱ्याने ताल सोडला तर लोकांना ती तान वाटते. मी सोडला तर सगळंच पडतं." पुढे मी तो शब्द परत काढला नाही, पण माफीही मागितली नाही. आणि इतकी वर्षं मी त्या बैठकांना बसलो ते अक्कांचं गाणं ऐकायला.

पुतण्याच्या व्हिडिओत तंबोऱ्याचा एकच फोटो आहे. अक्का मध्यावर, हात उंचावलेला, आणि त्यांच्या खांद्यामागे भोपळ्याची कड आणि हिचं अर्धं कपाळ. तो फोटो आला तेव्हा मागे नेमका हाच पियानो वाजत होता आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष जाणार नव्हतं. मी 'काढ' म्हणालो ते तेव्हा. ज्या संगीतात साथीला मागे न ठेवता मुख्याच्या शेजारी आणून बसवलंय, तेच आपण पुन्हा चित्रांच्या मागे नेऊन टाकतो. मला ते बघवलं नाही.

पुतण्याची बाजू सांगायला हवी. तो म्हणाला, सिनेमावाले वापरतातच की. खरं आहे. २००१ च्या 'विट' या चित्रपटात एमा थॉम्पसनची कविता शिकवणारी प्राध्यापिका कर्करोगाने मरणाला टेकते, त्यात ही रचना आहे, आणि मी तो बघून नाही म्हणू शकत नाही. कारण तिथे बहुतेक वेळ काही घडत नाही. खोली, खाट, बाई. संगीताला जागा सोडलेली आहे. दर चार सेकंदांनी बदलणारे साठ फोटो म्हणजे तशी जागा नव्हे. हे संगीत सावकाश चालतं आणि फोटो पळतात.

आणि 'दुःखी' हा शब्द तर मुळीच लावू नका. सगळे शुद्ध स्वर, एकही कोमल नाही. दुःखी म्हणायचंच तर पॅर्त यांच्याच 'फ्रात्रेस'कडे या, त्या शब्दाचा अर्थ बंधू. मूळ १९७७ ची, कोणत्या वाद्यांवर वाजवायची हे न ठरवता लिहिलेली. व्हायोलिन-पियानोसाठीचं रूप १९८० मध्ये साल्झबुर्ग महोत्सवासाठी झालं, गिडॉन आणि एलेना क्रेमर यांच्याकरता. सुरुवातीला एकटं व्हायोलिन चारी तारांवर असं काही धावतं की घरात कोणी धडपडलं की काय वाटावं, आणि मग पियानो खाली पंचमासह षड्जाचा एक टोला देतो. तिथे मला भीती वाटते. क्रेमर आणि किथ जॅरेट यांचं ध्वनिमुद्रण १९८४ मध्ये 'टाबुला रासा' या अल्बमवर आलं, आणि पश्चिमेकडे पॅर्त हे नाव पसरलं ते त्यानंतर. हा अल्बम झोपायच्या आधी लावू नये.

झोपेवरून आठवलं. 'श्पीगल' यूट्यूबवर झोपेच्या संगीतात मिळते, तासभर लांबवलेली. ही गेल्यानंतरचे दोन-तीन महिने मीही ती तशीच लावायचो. तेव्हा मी कोणाला उपदेश करतोय असं समजू नका. एका रात्री झोप लागली नाही आणि मी जागेपणी फक्त पियानो ऐकायचं ठरवलं, व्हायोलिन सोडून. मोठं अवघड आहे ते. कान सारखा गाणाऱ्याकडे पळतो. चार-पाच रात्रींनी जमलं. त्यानंतर मी ती झोपेसाठी लावलेली नाही.

एक राहिलं. 'श्पीगल' ही देश सोडण्यापूर्वी लिहिलेल्या शेवटच्या रचनांपैकी. जानेवारी १९८० मध्ये पॅर्त, नोरा आणि दोन मुलगे आगगाडीने निघाले. ब्रेस्तच्या सरहद्दीवर पोलिसांनी त्यांच्या सात पेट्या उघडल्या. आत काय, तर स्वरलिपीचे कागद, रेकॉर्डी आणि टेपा. पोलीस म्हणाले, वाजवा बघू. भल्या मोठ्या रिकाम्या स्थानकात हे कुटुंब आणि ते पोलीस उभे राहून ऐकत होते, आणि पोलिसांची वागणूक मऊ झाली असं सांगितलेलं आहे. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन, आणि जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा एस्टोनिया. तिथे लाउलास्मा गावी पाइनच्या जंगलात २०१८ मध्ये त्यांच्या नावाचं केंद्र उघडलं. त्या वह्या आता तिथे आहेत.

तर वर्षश्राद्धाच्या दिवशी काय झालं ते सांगतो. व्हिडिओ दाखवला, बिनआवाजाचा. आणि तो चांगला झाला हो! आवाज नसल्यामुळे प्रत्येक फोटोवर कोणी ना कोणी बोलायला लागलं. ही साडी कुठली, हा ट्रंकेवर बसलेला कोण, ह्या सहलीला पाऊस किती होता. पुतण्याचा रागही गेला असावा, कारण तोच मध्ये मध्ये थांबवून लोकांना बोलू देत होता.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, ज्यांना घाई नसेल त्यांनी दहा मिनिटं बसा. चौघं बसले. वहिनींचा डोळा लागला. पुतण्या पहिली दोन मिनिटं मोबाईलकडे बघत होता, नंतर त्याने तो उपडा ठेवला. मी १९९९ च्या 'आलीना' अल्बममधलं पहिलंच लावलं होतं, व्लादिमीर स्पिवाकोव्ह यांचं व्हायोलिन. १९७८ च्या डिसेंबरात मॉस्कोला ही रचना पहिल्यांदा वाजवली तीही यांनीच. या खेपेला पियानोवर सर्गेई बेझरोद्नी.

अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. आता ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकर त्यांच्याजवळ ठेवला होता. संपल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाणाऱ्याने गंधारावर सोडलं रे. षड्ज त्या मागच्याकडेच राहिला."

आणि तेवढ्यात कोणीतरी चहा घेऊन आलं.